दम्याचा निवाडा एका फुंकरीत नाही

पुण्यातील बिबवेवाडीच्या एका अंगाला सातारा रस्त्याची अखंड वाहतूक आहे, तर दुसऱ्या अंगाला मार्केट यार्डातील धान्य आणि मसाल्यांची धूळ. कामगार राज्य विमा महामंडळाचे रुग्णालयही याच परिसरात आहे. अशा वस्तीत धाप लागणाऱ्या प्रत्येकाला दमा असतोच असे नाही. तो कोणाला आहे हे ठरविण्यासाठी श्वासाच्या चाचण्या केल्या जातात. त्यांचा अहवाल कितपत ग्राह्य धरावा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

यांपैकी 'फेनो' चाचणीत सोडलेल्या श्वासातील नायट्रिक ऑक्साईड मोजले जाते. ॲलर्जीमुळे श्वासनलिकांना सूज आली की त्याचे प्रमाण वाढते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, प्रौढांमध्ये ४० किंवा त्याहून अधिक आकडा निर्णायक मानल्यास दमा नसलेल्या शंभरपैकी ९३ जणांना चाचणी अचूक वगळते. मात्र दमा असलेल्या शंभरपैकी केवळ ४१ जणच तीत सापडतात. धूम्रपानाने व स्टेरॉइडच्या औषधाने हा आकडा उतरतो, तर ॲलर्जीच्या सर्दीने चढतो. ब्रिटनने प्रौढांसाठी २०१७ मध्ये ४० ही मर्यादा स्वीकारली आणि २०२४ मध्ये ती ५० वर नेली. आकडा चढा असेल तर संशय बळावतो. कमी असला तरी रुग्ण दम्यातून सुटला, असे मात्र म्हणता येत नाही.

स्पायरोमेट्रीचेही तसेच आहे. औषधाचा फवारा दिल्यानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटरने वाढली, तर दम्याच्या निदानाला पुष्टी मिळते. परंतु दमा चढउताराचा आजार आहे. त्रास नसलेल्या दिवशी हीच चाचणी पूर्णपणे सामान्य येऊ शकते.

चूक दोन्ही बाजूंनी होते. कॅनडात २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, डॉक्टरांनी दमा सांगितलेल्या ६१३ प्रौढांची पुन्हा तपासणी झाली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश जणांना दमा नसल्याचे आढळले. भारतात चित्र उलटे आहे. 'ग्लोबल अस्थमा नेटवर्क'च्या २०२२ मधील भारतीय अहवालानुसार, छातीत घरघर होणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांच्या दम्याचे निदानच झालेले नव्हते. निदान नाही म्हणून श्वासावाटे घ्यायचे नियमित औषध नाही, आणि औषध नाही म्हणून झटका जिवावर बेततो.

यावर उपाय महागड्या यंत्रातच आहे, असे नाही. पीक फ्लो मीटर हे साधे, स्वस्त उपकरण आहे. सकाळ-संध्याकाळ दोन आठवडे त्यात फुंकून नोंदी ठेवल्या, आणि त्यांतील दैनंदिन चढउतार सरासरी १० टक्क्यांहून (मुलांत १३ टक्क्यांहून) अधिक निघाला, तर दम्याकडे बोट जाते. धुळीत काम करणाऱ्याने कामाच्या व सुट्टीच्या दिवसांच्या नोंदी ताडून पाहिल्यास आजाराचे मूळ कामात आहे का, हेही कळू शकते. व्यवसायजन्य आजारांच्या कायदेशीर यादीत दम्याचा समावेश असल्याने अशा नोंदींना कामगाराच्या हक्काच्या दृष्टीनेही मोल आहे.

एका दिवसाच्या सामान्य अहवालावर धाप लागणाऱ्या रुग्णाला घरी पाठवू नये, आणि एकही चाचणी न करता कोणावर वर्षानुवर्षांच्या औषधांचा भार टाकू नये, एवढे पथ्य वस्तीतील दवाखान्यांनी पाळले, तरी अनेकांचा श्वास मोकळा होईल.