उन्हाळी शिबिर आणि पालकांची भीड

वार्षिक परीक्षा संपून मुलांचीं दप्तरें कोनाड्यांत जाऊन पडलीं, कीं शहरांतल्या भिंतींवर आणि घरोघरच्या भ्रमणध्वनींवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकूं लागतात. कोठें मल्लखांब, कोठें पोहणें, कोठें मातीकाम, तर कोठें यंत्रमानव जुळविण्याचें शिक्षण! पूर्वीं सुटी लागली म्हणजे मुलांची रवानगी आजोळीं होई आणि महिना-दीड महिना आईबापांस त्यांची चिंता वाहावी लागत नसे. आतां आईबाप दोघेंही नोकरीस जातात, आणि आजोळ म्हणजे बहुधा त्याच शहरांतील दोन खोल्यांची सदनिका असते. तेव्हां सकाळीं मुलास पोंचवावें आणि दुपारीं वा सायंकाळीं घरीं आणावें, अशा दिवसाच्या शिबिराची गरज अनेक कुटुंबांस खरोखरीच भासते. तिला नांवें ठेवण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसत नाहीं.

मुलांनीं घराबाहेर, जाणत्यांच्या देखरेखीखालीं, सवंगड्यांसह खेळावें व शिकावें, ही कल्पना आपल्याकडे नवीनही नाहीं. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं आणि पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ सालीं स्थापन झालें. अशा संस्थांच्या मैदानांवर मुलांच्या कित्येक पिढ्या घाम गाळून वाढल्या. इंग्लंडांत बेडन पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलगे नेऊन जें शिबिर भरविलें, त्यांतूनच पुढें बालवीर चळवळ उदयास आली. त्या मूठभर मुलांच्याही त्यांनीं चार टोळ्या पाडल्या होत्या आणि प्रत्येक टोळीस एक नायक नेमला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. वीसच मुलें असूनही, कोणत्या मुलाकडे कोणीं पाहावयाचें हें आधीं ठरलें होतें.

नेमका हाच प्रश्न आपण विचारीत नाहीं. शिबिराच्या चालकांस पालक काय विचारतात? शुल्क किती, गाडी दारापर्यंत येते कीं नाहीं, काय काय शिकवणार, शेवटीं प्रमाणपत्र मिळणार कीं काय! परंतु ‘त्या चार तासांत माझें मूल कोणाच्या हातीं असेल?’ हा प्रश्न ओठांवर येऊनही गिळला जातो. त्याचें कारण अज्ञान नव्हे. आपल्यासारख्या सुशिक्षित घरांतून तें कारण बहुधा भीड हेंच असतें. शिबिर चालविणाऱ्या बाई शेजारच्या काकूंच्या सूनबाई असतात, किंवा पोहणें शिकविणारे गृहस्थ आपल्याच शाळेंतील जुने मास्तर असतात. ‘त्यांना असें विचारणें बरें दिसेल का?’ असें मनांत येतें आणि आपण पैसे भरून मोकळे होतों. भीड ही भिकेची बहीण, असें आपल्या वाडवडिलांनीं म्हणून ठेविलें आहे. मुलाच्या बाबतींत तर ती भिकेहूनही वाईट गोष्टींची बहीण ठरूं शकते. म्हणून ही भीड सोडून पालकांनीं कोणते प्रश्न विचारावे, तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पहिला प्रश्न माणसांचा. किती मुलांमागें एक मोठें माणूस आहे, हें आंकड्यांत विचारावें. अमेरिकेंतील शिबिरांच्या संघटनेनें दिवसाच्या शिबिरांसाठीं जें प्रमाण घालून दिलें आहे, तें मापदंड म्हणून उपयोगी पडेल: पांच वर्षांपर्यंतच्या ६ मुलांमागें एक, सहा ते आठ वर्षांच्या ८ मुलांमागें एक आणि नऊ ते चौदा वर्षांच्या १० मुलांमागें एक. चाळीस मुलें आणि एक ताई, अशी व्यवस्था असेल तर ती ताई कितीही गुणी असो, तिला चाळीस मुलें दिसणें शक्य नाहीं. हाताखालचीं माणसें नेमतांना त्यांची मागील चौकशी केली होती काय, महाविद्यालयांतील मुलेंमुली मदतीस असतील तर त्यांच्यावर कोण लक्ष ठेवतें, लहान मुलांस शौचास कोण नेतें, आणि कोणतेंही मोठें माणूस एखाद्या मुलाबरोबर बंद दाराआड एकटें राहणार नाहीं असा तेथें नियम आहे काय, हेंही स्पष्टपणें विचारावें.

हा शेवटचा प्रश्न अनेकांस अप्रशस्त वाटेल, हें आम्ही जाणतों. परंतु भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यांत १३ राज्यांतील १२ हजारांहून अधिक मुलांची पाहणी होती. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक मुलांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचें सांगितलें. त्यांत मुलग्यांचें प्रमाण मुलींहून कमी नव्हतें. आणि त्रास देणाऱ्यांपैकीं निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासांतले होते. ‘आमचा मुलगाच आहे, त्याची काय काळजी?’ आणि ‘ते तर आमच्या ओळखीचे आहेत’ हीं दोन समाधानें आपण ज्या आधारावर करून घेतों, तो आधार किती पोकळ आहे हें यावरून कळून येईल.

दुसरा प्रश्न उन्हाचा. आपल्याकडे शिबिरें भरतात तीं नेमकीं एप्रिल-मे महिन्यांत. विदर्भांत त्या दिवसांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कोंकणपट्टींत तो तितका चढत नसला तरी हवेंतील दमटपणामुळें घाम वाळत नाहीं आणि अंगांतील उष्मा अंगांतच राहतो. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें उघड्या मैदानावर भरलेल्या एका समारंभांत दहाहून अधिक माणसें उष्माघातानें दगावलीं. तीं समुद्राकांठच्याच हवेंत होतीं. मुलांचें तर याहून नाजूक. खेळाच्या भरांत त्यांस तहानेची शुद्ध राहत नाहीं. म्हणून अकरापासून चारपर्यंत मुलें सावलींत असतात काय, दर अर्ध्या तासानें त्यांस थांबवून पाणी पाजतात काय, आणि पिण्याचें पाणी कोठून येतें, हें पाहावें. डोकें दुखणें, मळमळणें, पोटऱ्यांत गोळे येणें हीं पहिलीं लक्षणें होत. मूल असंबद्ध बोलूं लागलें, त्याचा झोक जाऊं लागला किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा. अशा वेळीं १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि ती येईपर्यंत मुलास सावलींत निजवून अंगावर पाणी ओतावें व वारा घालावा. बेशुद्ध मुलाच्या तोंडांत मात्र पाणी घालूं नये. शिबिरांतील माणसांस एवढें ठाऊक आहे कीं नाहीं, हें दोन मिनिटांच्या बोलण्यांत कळतें.

तिसरा प्रश्न पाण्याचा. बुडणारें मूल हात वर करून ओरडतें, अशी आपली चित्रपटांवरून समजूत झालेली असते. प्रत्यक्षांत तें बहुधा आवाज न करतां बुडतें. तोंड पाण्याखालीं गेल्यावर ओरडण्यास श्वासच उरत नाहीं. मेंदूस प्राणवायु न मिळाल्यास चार-सहा मिनिटांत कायमची इजा होऊं शकते. म्हणून तलावाच्या कांठावर शिकविणाऱ्याखेरीज आणखी एक माणूस असावें, आणि त्याचें काम केवळ पाहत राहणें हेंच असावें. भ्रमणध्वनींत पाहणें नव्हे. छाती दाबून व तोंडावाटे श्वास देऊन प्राण परत आणण्याची क्रिया तेथें हजर असलेल्यांपैकीं कोणास येते, हें नांवानिशीं विचारावें. ‘एक दिवस नदीवर सहल’ असें पत्रकांत लिहिलें असेल, तर कोणती नदी, पाणी किती खोल आणि बरोबर कोण, हें कळल्यावांचून संमति देऊं नये.

चौथा प्रश्न जाण्यायेण्याचा. गाडींतून उतरतांना मुलांची मोजदाद होते काय? उन्हांत उभ्या असलेल्या बंद गाडींत झोंपलेलें मूल राहून गेलें, तर थोड्या मिनिटांतच त्याच्या जिवावर बेततें. सायंकाळीं मूल कोणाच्या हवालीं करावयाचें त्यांचीं नांवें लेखी द्यावीं, आणि त्या यादीबाहेरचें माणूस आलें तर आपणांस विचारल्याशिवाय मूल देऊं नये, असें बजावावें. मग तें माणूस सख्खा मामा कां असेना. मुलांचीं छायाचित्रें काढून तीं जाहिरातींत वापरणार असतील, तर तेंही आधींच विचारून घ्यावें.

आतां उलट बाजूचीही भीड आहे, तिचाही विचार केला पाहिजे. मुलाविषयींची माहिती पालकच दडवून ठेवतात. दमा असला तर सांगतात. परंतु अपस्माराचे झटके येत असले तर ‘उगाच बोभाटा नको, उद्यां मुलीचें लग्न व्हावयाचें आहे’ म्हणून गप्प बसतात. अशा मुलीस पाण्यांत झटका आला, तर तो झटका आहे हें कांठावरच्या माणसास कसें समजावें? एखाद्या पदार्थानें अंगावर गांधी उठतात, शेंगदाणा चालत नाहीं, मधमाशी चावल्यास सूज येते, एखादें औषध रोज घ्यावें लागतें, हें सारें कागदावर लिहून द्यावें. औषध नांवासह व मात्रेसह द्यावें, आणि वैद्यांचा दूरध्वनि क्रमांकही जोडावा. लपविल्यानें लौकिक राहत असेल, परंतु मूल राहील याची खात्री नसते.

इतकी चौकशी झाल्यावर मुलास तयार करावयाचें काम उरतें. आपलें पूर्ण नांव, पत्ता व आईबापांपैकीं एकाचा क्रमांक त्यास तोंडपाठ असावा. शरीराच्या झांकलेल्या भागांचीं नांवें त्यास न लाजतां ठाऊक असावीं, म्हणजे वेळ आल्यास त्याला शब्द सांपडतील. ‘आईबाबांना सांगूं नकोस’ असें कोणी मोठ्या माणसानें म्हटलें, तर तीच गोष्ट सर्वांआधीं आईबाबांना सांगावयाची, हा एक नियम त्याला पक्का शिकवावा. मोठ्यांची आज्ञा पाळावी हें आपण मुलांस जन्मापासून शिकवितों. कोणती आज्ञा पाळूं नये, हें शिकवावयाचें मात्र राहून जातें.

सायंकाळीं मूल घरीं आलें म्हणजे ‘आज काय शिकलास? करून दाखव पाहूं,’ असा परीक्षकाचा प्रश्न करूं नये. ‘कोणाशीं खेळलास? कशाचा कंटाळा आला? आज कोणाचा राग आला का?’ असें विचारावें आणि हातांतलें काम बाजूस ठेवून ऐकावें. पहिले दोन-तीन दिवस मूल रडेल, जाण्यास नाखूष असेल, तर तें स्वाभाविक आहे. परंतु रमलेलें मूल एकाएकीं जाण्यास नकार देऊं लागलें, सकाळीं नेमकें त्याच वेळीं पोट दुखूं लागलें, एखाद्या माणसाचें नांव निघतांच तें गप्प होऊं लागलें, तर त्यास हट्टी म्हणून दटावूं नये. ‘पैसे भरले आहेत, तेव्हां गेलेंच पाहिजे’ हें तर अशा वेळीं बोलूंच नये. भरलेले पैसे बुडाले तर बुडोत!

आणि मुलानें कांहीं अघटित सांगितलेंच, तर प्रथम त्यावर विश्वास ठेवावा. ‘तूं तेथें गेलासच कां?’ असें विचारूं नये. मुलांसाठीं १०९८ हा साहाय्य-क्रमांक आहे. ज्यास सामान्यतः ‘पोक्सो’ म्हणतात, त्या २०१२ च्या कायद्याप्रमाणें अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकानें ती पोलिसांस कळविली पाहिजे. न कळविणें हाच अपराध ठरतो. घराण्याची अब्रू म्हणून तें झांकून ठेवण्यानें त्या मुलाचें दुःख दुणावतें, आणि पुढच्या वर्षींच्या शिबिरांतील दुसऱ्या कोणाचें तरी मूल त्याच हातीं पडतें.

हे सारे प्रश्न विचारल्यास चालक रागावतील, अशी शंका कोणी काढील. आमचा अनुभव उलट आहे. ज्यांनीं व्यवस्था नीट केलेली असते, त्यांस ती दाखविण्याची हौसच असते. ते आपण होऊन यादी पुढें करतात, पाण्याची टाकी दाखवितात, आणि ‘केव्हांही येऊन बसा’ म्हणतात. जे रागावतात, त्यांनीं आपल्या प्रश्नाचें उत्तर दिलेंच आहे असें समजावें. तेव्हां प्रवेशपत्रिकेवर सही करण्यापूर्वीं एक सकाळ मोकळी काढून, शक्य तर न कळवितां, त्या जागीं जाऊन बसावें. शिबिर अद्याप सुरू व्हावयाचें असेल तर निदान जागा, पाणी आणि माणसें पाहून यावीं. यंत्रमानव यंदां जुळविला नाहीं तर पुढच्या वर्षीं जुळवितां येईल. संध्याकाळीं मूल हंसतखेळत घरीं परत येणें, ही मात्र रोजच्या रोज जुळून यावयाची गोष्ट आहे.