गळ आणि विष

दुधना नदी पावसाळ्यात दुथडी भरून वाहते. उन्हाळ्यात मात्र जालना जिल्ह्यातील तिचे पात्र आटत जाते आणि पाणी उरते ते डोहांत. उरलेसुरले मासे व खेकडे तेथेच जीव धरून असतात. पुढील वर्षाचे बियाणेच ते!

अशा डोहात आमिष टाकून बसणाऱ्या मुलाला कोणी निर्दय म्हणेल. आमिषाने फसविणे हे काही थोर कृत्य नव्हे, हे खरेच. तथापि काठीच्या दोरीला गांडूळ बांधून पाण्यात सोडले, म्हणजे खेकडा ते नांगीने घट्ट धरतो आणि वर येतो. मग त्यास उलटून पाहता येते. मादी असल्यास पोटाखालच्या रुंद पदराआड अंडी, किंवा ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्ले, तिने सांभाळलेली कधी कधी आढळतात. तिला परत सोडणे पकडणाऱ्याच्या हाती असते.

पाण्यात विष कालवणाऱ्याच्या किंवा सुरुंगाची दारू उडविणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. लहानमोठे सारे एकदम मरते. शिवाय विषारी झालेले ते पाणी गुरेही पितात. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने हे दोन्ही प्रकार अपराध ठरविले, ते योग्यच झाले.

परंतु प्रत्येक डोहावर शिपाई कोठून उभा करावा? गावानेच नियम घालून घ्यावा: पिल्लेवाली खेकडी त्याच डोहात सोडावी, आणि पावसाळ्याच्या आरंभी, मासे अंड्यांवर असताना, गळही घरीच ठेवावा. यात एखाद्या भोयाच्या घरचे एका वेळचे कालवण बुडेल, हे मान्य केले पाहिजे. म्हणून हा नियम करताना त्यालाच प्रथम विचारावे.