अर्धा आपला म्हणजे काय हो?

गेल्या कोजागिरीला धारला जुन्या मंडळींकडे जमलो होतो. मुलगा सहकुटुंब मेलबर्नहून आला होता. सून ऑस्ट्रेलियन, नातू तेरा वर्षांचा, फुटबॉलवेडा. अंगणात पोरांबरोबर खेळत होता. आटीव दुधाचा पेला हातात घेऊन आपल्यातलेच एक ज्येष्ठ म्हणाले, "पोरगा गोड आहे हो, पण अर्धाच आपला ना!" सगळे हसले. मीही हसलो. देवासला परतताना, इंदूर मागे पडल्यावर, नातवाने गाडीत विचारलं, "आबा, कुठला अर्धा?" त्याला मराठी कळतं हे आम्ही विसरलो होतो.

मी हसलो, म्हणून हे लिहितोय.

अराता इझुमी हे नाव किती जणांना आठवतं? जन्म 1982, जपानमधलं शिमोनोसेकी. आई जपानी, वडील गुजराती. 2006 मध्ये भारतात आला, कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला, मग मुंबईत महिंद्र युनायटेड आणि 2009 पासून पुणे एफसी. बालेवाडीच्या मैदानावर मधल्या फळीत राबणारा खेळाडू. 2012-13 मध्ये पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरं आलं, त्यात तो होता. आपला कायदा दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, आणि 2008 पासून क्रीडा मंत्रालयाचा दंडक असा की भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताची जर्सी नाही. या माणसाने जपानचं नागरिकत्व सोडलं. जपानचं, मंडळी! ज्या पासपोर्टावर निम्मं जग विनाव्हिसा फिरता येतं तो. नवीन पासपोर्टावर नाव आलं नीलकंठ खंभोळजा. 2013 च्या फेब्रुवारीत कोचीला तो भारताकडून पहिला सामना खेळला, तिशी उलटल्यावर. एकूण सामने दहाच्याही आत.

आणि आपण त्याला काय म्हणत राहिलो? "तो जपानी." मी स्वतः मुलाशी फोनवर बोलताना असंच म्हणायचो.

आपल्याकडे एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "आधी पासपोर्ट सोडा, मग आपले म्हणू." त्याने सोडला, तरी आपण म्हटलं नाही. मी उभी हयात बँकेत जमाखर्च पाहिला. समोरच्याने सगळी रक्कम भरली आणि आपण पावतीच दिली नाही, तर त्याला आमच्या भाषेत वेगळं नाव आहे.

आता रायन विल्यम्स बघा. पर्थचा जन्म, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातली, आजोबा 1950 च्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. इंग्लंडमधल्या क्लबांत खेळला, एकदा ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघातूनही उतरला, 2023 पासून बंगळुरूत आहे. 2025 मध्ये त्यानेही पासपोर्ट बदलला. ऑस्ट्रेलियाला दोन पासपोर्ट चालतात, आपल्याला नाही, म्हणून सोडणं त्याच्याच वाट्याला. बातमी आली त्या संध्याकाळी फिरायला गेलो तर कट्ट्यावर शेरा तयार, "भाड्याचे खेळाडू आणताहेत." अहो, भाड्याचा माणूस आपलं घर विकून येतो का?

इथल्या पोरांची जागा जाते, हा मुद्दा खरा आहे, तो मी झटकत नाही. धार-देवासच्या पोरांना धड मैदान नाही, प्रशिक्षक नाही. पण ते मैदान कुणी विल्यम्सने खाल्लेलं नाही. तिकडे बांगलादेशने हमझा चौधरीला घेतलं. जन्म इंग्लंडचा, आई बांगलादेशी, वडील ग्रेनाडाचे. 2025 च्या मार्चमध्ये शिलाँगला तो आपल्याविरुद्ध पहिला सामना खेळला, बरोबरी झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला त्यांनी आपल्याला 1-0 हरवलं, बावीस वर्षांनी. तिथल्या कट्ट्यांवर त्याला अर्धा म्हणत असतील असं वाटत नाही.

आणि हे बोलणारे आपण कोण? पवारांबरोबर माळव्यात आलेली माणसं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, घरात मराठी, बाजारात हिंदी-माळवी. पुण्याला लग्नात गेलं की तिथले म्हणतात, "तुमचं मराठी जरा हिंदीच आहे नाही?" इथे गल्लीत आपण 'मराठी लोग'. दोन्हीकडे अर्धे! आमच्या देवासची तर थोरली पाती, धाकटी पाती अशी एकाच गावात दोन संस्थानं होती. टेकडीवर देव्याही दोन, आणि दर्शन आपण दोघींचंही घेतो.

कुमारजींचं काय? बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरची भाषा कानडी. 1948 मध्ये क्षयाच्या दुखण्यात हवापालटाला देवासला आले ते 1992 पर्यंत, शेवटपर्यंत, इथलेच. माळवी लोकगीतं त्यांनी रागसंगीताच्या मैफलीत आणली. माझ्या लहानपणी किंवा नंतरही कुणी म्हटलेलं आठवत नाही की कुमार अर्धे आपले. तेव्हा आपल्याला बरं पूर्ण दिसलं!

पासपोर्टाचा कायदा संसद बघेल. कोजागिरीच्या अंगणात काय बोलायचं ते मात्र आपलं आपण ठरवतो. ज्यांनी ते वाक्य म्हटलं ते हे वाचतीलच, रागावतीलही. त्यांच्याशी माझी चाळीस वर्षांची मैत्री आहे, ती कुठे जात नाही. नातू पुढच्या वर्षी पुन्हा येणार म्हणतो. त्या रात्री गाडीत मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, झोप आल्याचं नाटक केलं होतं. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी अंगणात खेळायला मात्र तो उतरला नाही.