जपाची लय आणि ऊर्जेचे दुकान

ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीसमोर हजारो महिला एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, तो खराच असतो.

इटलीतले संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी सहकाऱ्यांसह 2001 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जपाचा शरीरावरचा परिणाम तपासणारा एक अभ्यास प्रसिद्ध केला. 23 निरोगी माणसांनी लॅटिनमधली ‘आवे मारिया’ प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे ॐ’ हा मंत्र म्हटला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, श्वासाची लय मात्र एकच! पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या संशोधकांना आढळले, की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साइड शांत उच्छ्वासाच्या सुमारे 15 पट असते. ओंकारातला लांबवलेला मकार म्हणजे गुणगुणणेच की.

एवढे पुरेसे नाही का?

पण ठरावीक हर्ट्झचा नाद चक्रे उघडतो, मधुमेह घालवतो, असे सांगत हजारो रुपयांची शिबिरे भरतात. या दाव्यांना पुरावा नाही. चक्रे ही साधकाच्या ध्यानाची वाट आहे. तिला रक्ततपासणीचा अहवाल समजणे हा साधनेवरही अन्याय आणि रुग्णावरही.

गावोगावच्या देवळांत वारकरी रोज संध्याकाळी टाळ घेऊन हरिपाठ म्हणतात. तिथे ना फी, ना रोगमुक्तीची हमी. ऊर्जाशिबिरे भरवणाऱ्यांनी निदान ‘चालू औषधे बंद करू नका’ हे जाहिरातीतच ठळक छापावे.