दान नको, रानाचा हिस्सा द्या



सोलापूर म्हटलं की चादर आठवते, कडक भाकरी आठवते, दुष्काळ आठवतो. रान काही आठवत नाही. तरी आज रानाच्या हिस्स्याची गोष्ट सोलापुरापासूनच सांगायची आहे.

शहराला लागून केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, 2005 सालापासून. या सरकारी केंद्रानं 2017 मध्ये ‘सोलापूर लाल’ नावाचा डाळिंबाचा वाण आणला. नेहमीच्या डाळिंबापेक्षा त्यात लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व जास्त आहे. या वाणाची कुळी बघा. त्यात भगवा, गणेश, नाना ही बागेतली डाळिंबं आहेत आणि त्यांच्या जोडीला ‘दारू’ आहे. ही पिण्याची दारू नव्हे. हिमाचलच्या डोंगरउतारावर आपोआप उगवणाऱ्या रानडाळिंबाला तिकडं दारू म्हणतात. फळ लहान आणि लई आंबट. तिथली माणसं ते गोळा करतात, दाणे वाळवतात आणि अनारदाना म्हणून विकतात.

म्हणजे सोलापूरच्या बागेतल्या फळात रानातल्या आंबट झाडाचा अंश आहे. आमची तक्रार त्या केंद्रावर नाही. काम लोकोपयोगी आहे, साध्या संकराचं आहे. सांगायचं ते इतकंच की बाजारातल्या नव्या वाणाच्या, नव्या औषधाच्या मुळाशी पुष्कळदा रान असतं. वाण कुणी काढला त्याची नोंद होते. झाड पिढ्यान्‌पिढ्या कुणी राखलं, त्याचा गुण पहिल्यांदा कुणी ओळखला, त्याची नोंद कुठल्या वहीत होते?

आता कंपन्यांकडं वळू. बियाणं, औषधं, सौंदर्यप्रसाधनं बनवणाऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेले असतात. त्यात ‘शाश्वत विकास’, ‘जबाबदार जैवतंत्रज्ञान’, ‘सामाजिक उत्तरदायित्व’ असे शब्द असतात आणि सोबत हसऱ्या आदिवासी बाईचा फोटो. हे शब्द खोटेच असतात असं आम्ही म्हणत नाही. पण त्यांचा अर्थ आपण आपल्या भाषेत लावून घेतला पाहिजे.

सामाजिक उत्तरदायित्व म्हणजे सीएसआर. 2013 च्या कंपनी कायद्यानं ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकामावर खर्चायला सांगितलं आहे. त्यातून शाळेला बाकडी मिळतात, पाड्यावर सौरदिवा लागतो. मिळालं तर घ्या. पण हे पैसे कुठं, कशावर खर्चायचे हे कंपनी ठरवते. आज दिवा इथं लावला, उद्या दुसरीकडं लावेल. आपण त्यावर हक्क सांगू शकत नाही.

हिस्सा ही वेगळी गोष्ट आहे. 2002 चा जैवविविधता कायदा सांगतो की झाड-वेली, बी-बियाणं आणि त्यांचं ज्ञान वापरून धंदा करणाऱ्यानं त्या लाभाचा न्याय्य वाटा राखणाऱ्यांना द्यावा. 2014 च्या नियमांत तो विक्रीच्या 0.1 ते 0.5 टक्के धरला होता. 2025 मध्ये नवे नियम आले. दर कमीजास्त होतील, पण हे दान नव्हे, देणं आहे. डेहराडून-हरिद्वारकडच्या दिव्य फार्मसीनं हे देणं नाकारलं. कायद्यातला वाटा फक्त परदेशी कंपन्यांना लागू आहे, असं तिचं म्हणणं. 21 डिसेंबर 2018 ला उत्तराखंड उच्च न्यायालयानं निकाल दिला की देशी कंपनीलाही वाटा द्यावा लागेल.

आणि भाव म्हणजेही हिस्सा नव्हे. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी पोरांनी गुळवेल गोळा करून थेट औषध कंपन्यांना विकली, व्यापाऱ्याला बाजूला सारलं. फार मोठं काम केलं. पण तो मालाचा आणि मेहनतीचा भाव झाला. गुळवेल कशावर चालते हे ज्ञान आणि ती वेल टिकवून धरणारं रान, यांचा वाटा त्या भावात येत नाही. तो वेगळा मागावा लागतो.

हिस्स्याच्याही आधी एक गोष्ट येते, ती म्हणजे विचारणा. बीटी वांग्याचं प्रकरण आठवा. जालन्याच्या महिको कंपनीचं जनुक गावठी वांग्यांच्या वाणांत घातलं गेलं. लोकांनी देशभर सुनावण्यांत आवाज उठवला आणि 9 फेब्रुवारी 2010 ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी तक्रार झाली की कर्नाटकातले स्थानिक वाण मंडळाची परवानगी न घेता वापरले. 2011 मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कारवाईचा निर्णय घेतला. कंपनी म्हणाली, वाण विद्यापीठानं दिले, आम्ही फक्त जनुक घातलं. बघा कसं होतं. कंपनी विद्यापीठाकडं बोट दाखवते आणि ज्यांनी ते वांगं जपलं त्या शेतकऱ्याला विचारायचं राहूनच जातं.

केरळातल्या काणी आदिवासींचं उदाहरण नेहमी चांगलं म्हणून देतात. 1987 मध्ये शास्त्रज्ञांना रानात वाट दाखवणारे काणी थकवा घालवायला एक फळ खात होते. त्या आरोग्यपच्चा वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध झालं. 1995 मध्ये औषधाचा परवाना कोइमतूरच्या कंपनीला दिला, दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के या बोलीवर. त्यातला अर्धा वाटा काण्यांना ठरला. देशात असं आधी झालं नव्हतं, म्हणून त्याचं मोल आहे. पण करार संस्था आणि कंपनीत झाला. काण्यांचा ट्रस्ट झाला 1997 मध्ये, म्हणजे करारानंतर. पुष्कळ काण्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पाला तोडायला वनखात्यानं हरकत घेतली ती वेगळीच. धडा काय? जमीन, झाड आणि निर्णय आपल्या हाती नसेल तर वाटा कागदावर मिळतो आणि रानात अडतो.

आपल्या हाती मात्र वनहक्क कायदा आहे. 2006 च्या या कायद्याचं कलम 3(1)(ट) बघा, इंग्रजी प्रतीत ते ‘के’ आहे. जैवविविधतेपर्यंत पोचण्याचा हक्क आणि तिच्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदा हक्क त्यात मान्य केला आहे. आपण दळीच्या सातबाऱ्यासाठी लढतो, सामूहिक हक्काच्या दाव्यात मोह, तेंदू, बांबू लिहितो. हे कलम मात्र दाव्यात बहुधा रिकामं सोडतो. ते सोडू नका.

घाई का, तेही सांगतो. 2023 मध्ये जैवविविधता कायदा बदलला. ग्रंथांत नोंदलेल्या ज्ञानाला आणि वैद्यांना वाटा देण्यातून सूट मिळाली. गुन्ह्याला तुरुंग होता, तिथं आता नुसता दंड आला. आपलं ज्ञान तोंडी आहे. आजीकडून नातीकडं, वैदूकडून पोराकडं जातं. उद्या कंपनी म्हणेल की हे झाड ग्रंथात आहेच, तुमचा संबंध काय? तेव्हा आपल्याकडं उत्तर पाहिजे.

म्हणून गावोगावच्या ग्रामसभांपुढं आमचं म्हणणं असं. पंचायतीत जैवविविधता समिती कागदावर आहे का ते विचारा. तिच्यात एक तृतीयांश बाया असल्याच पाहिजेत, तशा आहेत का बघा. लोकजैवविविधता नोंदवही मागवून ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. कुणी शहरात बसून दुसऱ्या गावाची वही उतरवली असेल तर लगेच कळेल. वनस्पतींची नावं आपल्या बोलीत लिहा. पण औषधाची कृती, मात्रा, जागा उघड लिहू नका. कोण जाणतं एवढंच लिहा. आणि पानं-मुळ्यांचे नमुने न्यायला कुणी आलं, मग तो कंपनीचा असो, कॉलेजचा असो की सरकारचा, त्याला आधी ग्रामसभेचा लेखी ठराव मागा.

कंपनी जबाबदार आहे का हे तिच्या अहवालातल्या फोटोवरून आपण ठरवायचं नाही. तिनं आधी विचारलं का, ‘नाही’ म्हटल्यावर माघारी गेली का आणि ‘हो’ म्हटल्यावर वाटा दिला का, या तीन गोष्टींवरून ठरवायचं.

जिंदाबाद!