वेतनमर्यादेचें सोंग

अमेरिकेंत ‘फुटबॉल’ या नांवानें जो खेळ ओळखला जातो, व ज्यांत पायापेक्षां हाताचेंच काम अधिक, त्याच्या धंदेवाईक संघांत दर वर्षीं हंगामाच्या मध्यावर एक रडगाणें ऐकूं येतें: ‘अमुक खेळाडू आम्हांस हवा होता; पण वेतनमर्यादेनें आमचे हात बांधले!’ चालक हें म्हणतात, वृत्तपत्रें तें छापतात, आणि भोळा प्रेक्षक मान डोलावतो. या मर्यादेचे कैवारी तर तिला न्यायदेवतेच्या पदवीसच चढवितात. तिच्यामुळें धनाढ्य मालकास सारे गुणी खेळाडू विकत घेतां येत नाहींत, सर्व संघ एका पायरीवर राहतात, असें त्यांचें म्हणणें. त्यांत तथ्य किती, हें आज आम्ही पाहणार आहों.

नॅशनल फुटबॉल लीगनें ही मर्यादा १९९४ सालीं घातली. तेव्हां ती दर संघास सुमारें ३ कोटी ४६ लक्ष डॉलर होती; २०२४ सालीं ती २५ कोटी ५४ लक्ष झाली. आपल्याकडील आयपीएलच्या लिलावांतहि प्रत्येक संघाच्या थैलीस मर्यादा असते, हें वाचकांस ठाऊक आहेच. परंतु तिकडील मर्यादेचा हिशेब रोकडीचा नसून वहींतला असतो, आणि सारी गोम येथेंच आहे.

समजा, एखाद्या खेळाडूशीं पांच वर्षांचा करार झाला आणि सही करतांनाच दोन कोटी डॉलरचा बोनस त्याच्या हातीं पडला. रोकड आज गेली. पण मर्यादेच्या वहींत ती दर वर्षीं चाळीस लक्ष अशी पांच वर्षांवर पसरून लिहितां येते. दुसऱ्या वर्षीं भर हंगामांत हा खेळाडू परक्या संघास दिला, तर उरलेला बोनस त्याच्याबरोबर जात नाहीं. त्या वर्षाचे चाळीस लक्ष जुन्याच संघाच्या खातीं राहतात, आणि पुढील तीन वर्षांचे एक कोटी वीस लक्ष एकदम पुढल्या वर्षावर कोसळतात. गडी परगांवीं आणि त्याचें ओझें घरीं! या रकमेस तिकडे ‘डेड मनी’, म्हणजे मेलेला पैसा, म्हणतात. घेणाऱ्याच्या माथीं त्या हंगामापुरतें येतें तें केवळ उरलेल्या आठवड्यांचें वेतन. आणि तेंहि विकणाऱ्यानें सौद्यापूर्वीं बोनसांत बदलून स्वतः भरलें, तर घेणाऱ्याच्या वहींत नांवालाच कांहीं उरतें.

ही कल्पना नव्हे. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं डेन्व्हरनें व्हॉन मिलर यास लॉस अँजेलिस रॅम्सच्या हवालीं केलें, तेव्हां त्याच्या उरलेल्या सुमारें ९७ लक्ष डॉलर वेतनापैकीं ९० लक्ष डेन्व्हरनेंच भरले, आणि मोबदल्यांत नव्या खेळाडूंच्या निवडीचे दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे हक्क घेतले. रॅम्सचे हात कोणी बांधले होते? फेब्रुवारी २०२२ मध्यें त्यांनीं अजिंक्यपद पटकाविलें. त्याच सालच्या ऑक्टोबरांत क्रिश्चन मकॅफ्री कॅरोलिनाहून सॅन फ्रान्सिस्कोस गेला. कॅरोलिनानें त्याच्या वेतनाचा मोठा भाग आधींच बोनसांत बदलून ठेविला होता. त्यामुळें हा अत्यंत महागडा गडी नव्या धन्यास त्या हंगामापुरता सात लक्षांहूनहि कमी किमतीस पडला. श्रीमंतानें खेळाडू विकत घेऊं नये म्हणून ज्या कायद्याचा एवढा डांगोरा, त्याच्याच छायेखालीं डेन्व्हरनें रोख रक्कम मोजून उद्यांचे दोन खेळाडू विकत घेतले, याला दुसरें काय नांव द्यावें? ज्याच्या तिजोरींत रोकड आहे त्यास वाट आहे. ज्यानें कालचे बोनस उद्यांच्या वर्षांवर ढकलले, तो अडकतो. त्याचे हात बांधले गेले खरे, पण दोरी त्यानेंच वळली.

मर्यादा अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. वहींतलें कर्ज कधींतरी फेडावें लागतेंच. पण समतेची गोष्ट सांगूं नये. या मर्यादेच्याच अंमलांत न्यू इंग्लंडच्या एका संघानें २००२ ते २०१९ या अवधींत सहा अजिंक्यपदें नेलीं. आणि मालकांस ती कशासाठीं हवी, हें २०१० सालीं उघड झालें. त्या एका वर्षीं मर्यादाच नव्हती. वॉशिंग्टन व डॅलस यांनीं आपल्या करारांचें ओझें त्या मोकळ्या वर्षांत लोटलें. नियम मोडला नव्हता, कारण मोडावयास नियमच नव्हता! तरी २०१२ सालीं लीगनें त्यांच्या मर्यादेंतून अनुक्रमें ३ कोटी ६० लक्ष व १ कोटी डॉलर कापले. खर्च करण्याचा हा दंड समतेसाठीं होता कीं मालकांच्या खिशासाठीं?

या साऱ्या आकडेमोडींत ज्याचें हाड मोडतें त्यास मात्र कोणी पुसत नाहीं. मिलर २०११ पासून डेन्व्हरचा; फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला होता. पण सौद्यास नकार देण्याचा हक्क फारच थोड्यांच्या करारांत असतो; बाकीच्यांनीं एका निरोपासरशीं बिऱ्हाड हलवावें, नवीन डावपेंच पाठ करावे आणि पुढल्या रविवारीं मैदानांत उतरावें. लीगला न्यायाची खरोखर चाड असेल, तर विकणाऱ्यानें भरलेलें वेतन घेणाऱ्याच्या वहींत मांडावें, आणि भर हंगामांतील प्रत्येक सौद्यावर खेळाडूची संमति घ्यावी. पहिल्या सूचनेस मालक हरकत घेतील; दुसरीस तर ते हंसतील. तोंवर हात बांधल्याची तक्रार त्यांनीं आमच्यापुढें आणूं नये.