हेड गॅस्केट घरी बदलता येतं, टॉर्कचा तक्ता मिळाला तर

जुनी मारुती ८०० घाटात तापते. मग रेडिएटरमधलं पाणी वारंवार कमी होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो आणि मेकॅनिक निदान सांगतो, की हेड गॅस्केट उडालं. त्यापाठोपाठ सल्लाही येतो, ‘आता हिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, देऊन टाका.’ बाकी गाडी धडधाकट असेल तर हा सल्ला चुकीचा आहे. गॅस्केट स्वस्त असतं. महाग पडते ती मजुरी, कारण तिथवर पोचायला निम्मं इंजिन खोलावं लागतं. ज्याच्याकडे पाने, सावलीची जागा आणि सवड आहे, अशा मालकाला हे काम घरी करता येतं. त्याची अडचण होते ती नेमक्या माहितीअभावी, आणि ती माहिती वाहन कंपन्यांकडे आहे.

सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये आवळून बसवलेला हा पातळ थर जळता वायू, फिरतं पाणी आणि तेल यांना एकमेकांत मिसळू देत नाही. मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचं. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. रोजची ही ओढाताण गॅस्केट वर्षानुवर्षं सोसतं. पण पाणी संपलेलं असताना गाडी तशीच दामटली, की हेड वाकतं आणि गॅस्केटला वाट फुटते.

इंजिन खोलण्याआधी खात्री मात्र हवी. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ थर दिसला म्हणून लगेच पाने हाती घेऊ नयेत. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या दमटपणानेही साचतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन एकदम कमी भरलं, तर संशय पक्का होतो.

खोलण्याचा भाग त्यामानाने सोपा. इंजिन पूर्ण गार हवं, टायमिंग बेल्ट उतरवण्याआधी खुणा जुळवून फोटो काढलेला हवा, हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे थोडे थोडे सैल करायला हवेत. काढलेलं कूलंट गटारात ओतू नये की उघड्या घमेल्यात ठेवू नये. ते गोडसर आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात.

खरी कसोटी हेड उचलल्यावर लागते. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे अनेक गॅरेजांत ग्राइंडरला पॉलिश पेपरची चकती लावून उडवले जातात. काम झटपट होतं, पण मऊ ॲल्युमिनियमला खळगे पडतात आणि घासलेली बारीक कच तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत पोचते. घरी काम करणाऱ्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाची घाई नसते. प्लास्टिकचा स्क्रेपर, थिनरमध्ये भिजवलेलं फडकं आणि एक अख्खी दुपार, एवढ्यात तो पृष्ठभाग लख्ख करू शकतो. बोल्टची भोकं कोरडी करायलाही त्याच्याकडे वेळ असतो. तळ बंद असलेल्या भोकात पाणी किंवा तेल राहिलं, तर बोल्ट आवळताना ते दाबलं जाऊन ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

मग हेडवर अचूक सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी धरून फटीत फीलर गेजचं पान सरकवून बघायचं. लहान इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासचा बाकही जास्त धरतात. बाक त्याहून मोठा निघाला, तर हेड फेसिंगसाठी मशिन शॉपमध्येच न्यावं. तिथे घरचा हट्ट धरू नये.

बसवताना बोल्ट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. किती जोराने, किती टप्प्यांत, हे इंजिनागणिक बदलतं. काही इंजिनांचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात आणि पुन्हा वापरता येत नाहीत. मनगटाच्या अंदाजावर हे सोडता येत नाही. आणि गाडी मुळात का तापली, हेही शोधावं लागतं. आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून टाकायची आणि कूलंटऐवजी नळाचं पाणी भरायची खोड जुनी आहे. आतला गंज आणि क्षार तसेच राहिले, तर नवं गॅस्केटही फार काळ टिकत नाही.

ही नेमकी माहिती मालकापर्यंत पोचवायला जागा आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. वाहनं त्यात आहेत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. एवढे पैसे भरून गाडी जपणाऱ्या मालकाला तिचं वर्कशॉप मॅन्युअल मिळणं हा त्याचा हक्क मानायला हवा. मारुती ८००चं उत्पादन २०१४मध्ये थांबलं; अशा बंद मॉडेलच्या इंजिनात कंपनीने जपावं असं कोणतं गुपित उरलं आहे?

अर्धवट माहितीवर लोक इंजिनं बिघडवतील, हा आक्षेप ब्रेक आणि एअरबॅगच्या बाबतीत रास्त आहे, कारण तिथली चूक प्रवाशांच्या किंवा रस्त्यावरच्या इतरांच्या जिवावर बेतते. गॅस्केट चुकलं तर नुकसान प्रामुख्याने मालकाचं होतं, आणि ते टाळायचा उपाय म्हणजे पूर्ण माहिती देणं. लोक इंजिनं आजही खोलतातच. झेरॉक्सची झेरॉक्स किंवा ऐकीव आकडे हाताशी घेऊन खोलतात. कंपन्यांनी बंद झालेल्या प्रत्येक मॉडेलसाठी बोल्ट आवळण्याचा क्रम, टॉर्कचे टप्पे, बोल्ट पुन्हा वापरायचे की नाही आणि हेड जास्तीत जास्त किती घासता येतं, एवढं तरी या पोर्टलवर मराठीसह भारतीय भाषांमध्ये मोफत टाकावं.